हरित इमारत आणि कंत्राटदाराची जबाबदारी

ठाण्याच्या वर्तकनगरात म्हाडाच्या जुन्या वसाहतींच्या जागी नव्या इमारती उभ्या राहत आहेत. अशा ठिकाणी शासकीय निधीतून हरित इमारत बांधावयाची झाल्यास ठराविक मानांकन मिळविण्याची अट निविदेत घातली जाऊ शकते. ते मिळाले नाही, तर दोष कोणाचा?

'गृह' मानांकनाचे गुण केवळ बांधकामावर अवलंबून नसतात. जागेची निवड व आराखडा एरवी कंत्राटदाराच्या अधिकारात येत नाहीत. साहित्य, पाण्याचा वापर व राडारोड्याची विल्हेवाट मात्र त्याच्या हाती असते. म्हणून कोणत्या गुणांची जबाबदारी कोणाची, हे करारनाम्यातच स्पष्ट असावे.

भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ अन्वये करारात नमूद केलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा होय. तिच्या आत वाजवी भरपाईच मागता येते. नुकसान सिद्ध करणे शक्य असेल तेथे ते सिद्ध करावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ प्रकरणी स्पष्ट केले.

तथापि, केवळ कायद्यावर विसंबून राहणे हिताचे नाही. साहित्याची प्रमाणपत्रे व चाचणी अहवाल जपून ठेवावेत. लेखी आदेशाशिवाय आराखड्यात बदल करू नये. देयक अडल्यास हीच कागदपत्रे कंत्राटदाराच्या उपयोगी पडतात.