दहा मिनिटांचे भाषण आणि इंग्रजीचा तास

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आम्हांस इतिहासावर काही लिहावे असे सुचविले होते. आम्ही एम.ए. इतिहासात केले, ही गोष्ट खरी. परंतु या वसतिगृहयुक्त शाळेत आमच्या वाट्याला अधिक तास आले ते इंग्रजीचे. इंग्रजीच्या शिक्षकाची जागा एका वर्षी रिकामी राहिली, ‘तूर्त तुम्ही सांभाळा’ असे सांगण्यात आले आणि ते ‘तूर्त’ अद्याप संपलेले नाही. म्हणून जे प्रत्यक्ष शिकवले, त्याविषयीच लिहितो: साहित्याचे वाचन आणि सभेतील भाषण या दोन गोष्टी एकाच तासात कशा शिकवाव्यात, याविषयी. माजी विद्यार्थ्यांपैकी काहींना यातले बरेच ओळखीचे वाटेल. पालकांना, विशेषतः ज्यांना इंग्रजीची धास्ती वाटते त्यांना, त्याचा काही उपयोग व्हावा अशी इच्छा आहे.

प्रारंभी आमची चूक सांगणे भाग आहे. पुष्कळ वर्षे आम्ही विद्यार्थ्यांना भाषणे लिहून देत असू. 3 जानेवारी, 14 एप्रिल, 26 नोव्हेंबर, 6 डिसेंबर. प्रत्येक दिवसासाठी एक कागद तयार असे. मुले तो पाठ करीत, हातवारे आम्ही शिकवीत असू आणि टाळ्या पडत. पुढे एका इंग्रजी वक्तृत्व स्पर्धेसाठी नववीतल्या एका मुलीला आम्ही घेऊन गेलो. ऊसतोड कामगारांची मुलगी. स्मरणशक्ती अशी की चार पाने तिने दोन दिवसांत मुखोद्गत केली. तिने एकही शब्द न चुकता भाषण केले. त्यानंतर परीक्षकांनी इंग्रजीतच, अगदी सौम्यपणे विचारले, ‘या भाषणातले कोणते वाक्य तुला सर्वांत अधिक पटले, आणि का?’ मुलीने आमच्याकडे पाहिले. उत्तरही आमच्याच खिशात असावे, अशा नजरेने पाहिले. आमच्या खिशात काही नव्हते.

परतीच्या एस.टी.त बराच वेळ ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, ‘सर, भाषण तुमचं व्हतं. मंग प्रश्न मला का इचारला?’

त्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. जी चळवळ ‘आमचे आम्ही बोलू’ या हक्कासाठी उभी राहिली, तिच्याच शाळेत आम्ही मुलांच्या तोंडी परके शब्द घालत होतो. ते शब्द आमचे होते, सद्भावनेचे होते, पण मुलांच्या दृष्टीने परकेच.

त्यानंतर आम्ही लिहून देणे बंद केले आणि वाचणे सुरू केले. शाळेच्या ग्रंथालयात महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे इंग्रजी खंड आहेत. त्यांपैकी तेराव्या खंडात संविधान सभेतील भाषणे आहेत. बहुतेक शाळांत 25 नोव्हेंबर 1949 चे समारोपाचे भाषण वाचले जाते, आणि ते वाचलेच पाहिजे. परंतु वर्गासाठी आम्ही निवडले 17 डिसेंबर 1946 चे भाषण. ते लहान आहे, आणि ते पूर्वतयारीवाचून झालेले आहे. भाषणकला शिकणाऱ्या मुलाला याहून उपयुक्त धडा आम्हांस तरी माहीत नाही.

प्रसंग असा. संविधान सभेची पहिली बैठक 9 डिसेंबर 1946 रोजी भरली. मुस्लिम लीगचे सभासद आलेले नव्हते. 13 तारखेला पंडित नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. बॅ. मुकुंदराव जयकरांनी उपसूचना आणली की लीग आणि संस्थानांचे प्रतिनिधी येईपर्यंत हा ठराव पुढे ढकलावा. सभागृहातील बहुमताला ती रुचली नाही. बाबासाहेब त्या सभेत निवडून आले होते ते बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साहाय्याने. मुंबई प्रांतातून त्यांना वाट मिळाली नव्हती. काँग्रेसवर त्यांनी वर्षानुवर्षे कठोर टीका केलेली. अशा सभागृहात, यादीत आपल्या आधी वीस-बावीस नावे आहेत, आपली पाळी उद्या येईल, अशा समजुतीने ते बसले असता अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांचे नाव पुकारले. वेळ दिला दहा मिनिटांचा.

ते उठले आणि पहिल्याप्रथम त्यांनी आपली अडचण सांगितली: आज बोलावे लागेल असे वाटले नव्हते, तयारी केलेली नाही, वेळही थोडा आहे. येथे वर्गात दरवर्षी एकच खळबळ उडते. ‘बाबासाहेबसुद्धा तयारी नाही म्हणाले?’ म्हणाले. (ही सबब म्हणून वापरण्यास मात्र आम्ही परवानगी देत नाही, त्यांच्या ‘तयारी नाही’च्या मागे काय होते, ते पुढे येईलच.)

यानंतर ते भाषण आम्ही सहा-सात तास वाचतो. प्रत्येक परिच्छेदापाशी थांबून एकच विचारतो: वक्त्याने येथे काय केले? काय म्हटले हे नंतर. प्रथम, त्यांनी ठरावाचे दोन भाग पाडले, एक वादाचा आणि एक वाद नसलेला. दहा मिनिटे असलेल्या माणसाने सर्वांना मान्य असलेल्या गोष्टींवर वेळ का दवडावा? तरीही त्या भागावर जाता जाता त्यांनी नेमके बोट ठेवले. हक्क सांगितले आहेत, पण हक्क डावलला गेला तर इलाज कोणता, ते सांगितलेले नाही. आर्थिक न्यायाची भाषा आहे, पण जमीन आणि उद्योग यांच्या राष्ट्रीयीकरणाचा उल्लेख नाही. आमच्या मुलांना ‘इलाज’ हा मुद्दा चटकन कळतो. गावातल्या विहिरीवरचा हक्क कागदावर असणे आणि पाणी प्रत्यक्ष शेंदता येणे यांतले अंतर त्यांच्या आजी-आजोबांनी त्यांना सांगितलेले असते.

मग ते मुख्य वादाकडे वळले आणि वादाची जागाच बदलली. हा ठराव आज संमत करण्याचा सभेला अधिकार आहे की नाही, हा प्रश्नच त्यांनी बाजूला ठेवला. अधिकार असेलही, पण आज तसे करणे शहाणपणाचे आहे काय, असे त्यांनी विचारले. येथे आम्ही मुलांना वहीत रेघ ओढून दोन बाजूंना लिहायला लावतो: ‘करता येते’ आणि ‘करावे’. त्यानंतर तीन वाटा त्यांनी मोजून दाखविल्या. एका पक्षाने दुसऱ्यापुढे शरणागती पत्करणे, वाटाघाटींनी तह होणे, किंवा उघड युद्ध. ज्यांना तिसरी वाट सोपी वाटत होती, त्यांच्यासाठी त्यांनी सभागृहात एक उतारा वाचून दाखविला. तो एडमंड बर्कचा होता.

बर्कचे ते भाषण 22 मार्च 1775 रोजी ब्रिटिश पार्लमेंटात झाले. अमेरिकन वसाहती बळाने वाकवाव्यात असे म्हणणाऱ्यांना त्याने चार गोष्टी सांगितल्या. बळाचा परिणाम तात्पुरता असतो. बळाने यश येईलच असे नाही. जी वस्तू राखण्यासाठी लढावयाचे, तीच लढाईत मोडते. आणि वसाहतींवर बळ वापरून आजवर काही साधल्याचा अनुभव नाही. हे भाषण पुढे राजकारणापेक्षा वर्गात अधिक जगले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या प्रारंभी अमेरिकेतील हायस्कुलांत, महाविद्यालयीन प्रवेशासाठी नेमलेल्या इंग्रजी पाठ्यांमध्ये ते असे. तेथील मुले त्याचा एकेक मुद्दा सुटा करून, आराखडा काढून अभ्यासत. म्हणजे साहित्य आणि भाषण यांची ही जोडी आम्ही शोधून काढलेली नाही. ती जुनीच आहे.

आता ‘तयारी नाही’कडे पुन्हा यावयाचे. लंडनमधले एक भाषण; त्यानंतर एकशे एकाहत्तर वर्षांनी दिल्लीत, भाषण करावे लागेल याची कल्पना नसलेला एक माणूस त्यातला नेमका भाग नेमक्या जागी ठेवतो. ही तयारी त्या दिवसाची नव्हती. सुभेदार रामजी सकपाळांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला मुलाकडून घोटून घेतल्या तेव्हाची ती होती. 1907 साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाल्यावर केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र हाती ठेवले तेव्हाची होती. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात जातिसंस्थेवर निबंध वाचला तेव्हाचीही होती. आमच्या मुलांना आम्ही हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवितो, कारण ‘ते जन्मतःच बुद्धिमान होते’ असे म्हणून हात जोडणे फार सोपे असते, आणि त्याने अभ्यास चुकतो.

एका वर्षी एका मुलाने विचारले, ‘सर, बर्क जिंकला का?’ नाही जिंकला. त्याची सूचना पार्लमेंटाने फेटाळली आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेत बंदुका झडल्या. उद्दिष्टांचा ठराव थांबला खरा, तो 22 जानेवारी 1947 रोजी संमत झाला. पण लीग आली नाही आणि त्याच वर्षी देशाची फाळणी झाली. ‘मग इतकं चांगलं भाषण करून उपयोग काय?’ या प्रश्नावर तो तास संपला. पुढच्या तासाला आम्ही काही तयार उत्तर नेले नाही. मुलांनीच दोन गट केले आणि दोन दिवस वाद घातला. आमच्या मते वर्षातले ते सर्वोत्तम दोन तास होते.

चांगल्या भाषणाबरोबर धोकादायक भाषणही वाचावे लागते. त्यासाठी शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मधील अँटनीचे भाषण आम्ही घेतो. ब्रूटस आपली कारणे सांगतो, लोक त्याचा जयजयकार करतात. मग अँटनी येतो, मारेकऱ्यांना पुन्हा पुन्हा ‘सन्माननीय’ म्हणतो आणि प्रत्येक वेळी त्या शब्दाचा अर्थ थोडा थोडा उलटा करीत जातो. मृत्युपत्र दाखवतो, वाचत नाही. अखेरीस प्रेतावरचे वस्त्र दूर करतो. मुले या युक्त्यांवर खूश होतात. बहुतेक ठिकाणी धडा येथेच संपतो. आम्ही पुढचा लहानसा प्रवेश सोडीत नाही. पेटलेल्या जमावाला रस्त्यात सिन्ना नावाचा एक कवी भेटतो. कटवाल्यांत सिन्ना नावाचा एक जण होता. मी तो नव्हे, मी कवी आहे, असे हा सांगत राहतो. जमाव त्याला फाडतो, कारण नाव तेच आहे. हे वाचताना मागच्या बाकांवर आधी हसू येते. मग कुणीतरी आडनावावरून गावात विचारले गेलेले प्रश्न आठवतो आणि हसू थांबते.

वसतिगृहात आम्ही एक प्रघात पाडला आहे. सायंकाळच्या वंदनेनंतर, अभ्यासिकेत, रोज एका विद्यार्थ्याने तीन मिनिटे बोलावयाचे. हाती कागद नाही. ‘व्यासपीठावरील मान्यवर’ नाही, कारण तेथे व्यासपीठही नाही आणि मान्यवरही नाहीत. प्रथम घरच्या बोलीत, आठवड्याने तेच इंग्रजीत. ऐकणाऱ्यांनी किमान एक प्रश्न विचारलाच पाहिजे. इंग्रजी मोडके चालते. उसने चालत नाही. सुरुवातीस काही पालकांनी तक्रार केली की मुले पूर्वी इंग्रजीत धडाधड बोलत असत, आता अडखळतात. तक्रार खरी होती.

ती मुलगी दहावीत असताना तिची पाळी आली. तिने विषय घेतला ‘कोयता’. ऊसतोडीच्या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, हिशेब होतो तो कोयत्याचा. इंग्रजीसाठी तिने आम्हांस प्रतिशब्द विचारला. आम्ही विळ्याचा इंग्रजी शब्द सांगितला. ती म्हणाली, विळा वेगळा. तेही बरोबरच होते. तिने ‘कोयता’ हाच शब्द ठेवला आणि दोन वाक्यांत त्याचा अर्थ सांगण्याचे ठरविले. तिच्या कच्च्या वहीत इंग्रजीत एक वाक्य होते, त्याचा अर्थ: माझी आई अर्धा कोयता आहे. आम्ही सवयीने लाल शाईने ते खोडले आणि वर लिहिले की माझे आईवडील जोडीने काम करतात.

वही परत देताना आम्हांस स्वतःचीच लाज वाटली. आदल्याच आठवड्यात आम्ही वर्गाला लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाची हकीकत सांगितली होती. 1936 साली मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलाविले, लेखी भाषण आधी पाहिले, त्यातला काही भाग गाळावा असे सुचविले. बाबासाहेबांनी एका स्वल्पविरामाचाही बदल करण्यास नकार दिला. परिषद रद्द झाली. न झालेले ते भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले आणि त्याच्या पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. हे सर्व रंगवून सांगणारे आम्हीच.

त्या सायंकाळी ती उभी राहिली. दोनदा अडखळली, एका ठिकाणी क्रियापदाचा काळ चुकला, तीन मिनिटांची चार झाली. खोडलेले वाक्य तिने जसेच्या तसे म्हटले. सहावीतल्या एका मुलाने मराठीत विचारले, ‘ताई, मग पैसे पण अर्धे मिळतात का?’

ती म्हणाली, ‘अर्धे बी न्हाई. पैसे बापाच्या हातात देतात.’ मग आमच्याकडे न पाहता तिने तेच इंग्रजीत सांगितले.