चप्पल वाहून गेली त्याची गोष्ट

प्रश्न : माझा मुलगा चौथीत आहे. वाचायला बसवलं की कंटाळतो, निबंध दोन ओळींत आटपतो. शिकवणी लावावी का?

उत्तर : शिकवणी लावा, पण निबंध पाठ करून घेणारी नको. आधी महिनाभर रोज रात्री पंधरा मिनिटं तुम्हीच त्याला वाचून दाखवा. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या, ऐन रंगात आलं की पुस्तक मिटा आणि ते उशाशी ठेवून द्या. पुढचं पान तो स्वतः उघडेल, आज नाही तर आठ दिवसांनी. लांब गोष्ट झेपत नसेल तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक आणा. 1971 पासून ते मुलांसाठीच निघतं. वाचून झाल्यावर मात्र प्रश्नोत्तरं नकोत. त्यानं गोडी जाते.

लिखाणाचं मूळ बोलण्यात आहे. माझ्याकडच्या एका मुलानं लिहिलं होतं, ‘काल पाऊस आला. मजा आली.’ मी विचारलं, ‘घरी कसा गेलास?’ तर एक चप्पल ओढ्यात वाहून गेली, दुसरी हातात घेऊन तो लंगडत गेला, आजी ओरडली, हे सगळं भडाभडा सांगितलं. मी त्याच्याच शब्दांत लिहून घेतलं आणि त्यालाच वाचायला दिलं. पुढची गोष्ट त्यानं स्वतः लिहिली, चांगली पाऊण पान.

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका एकदम सगळ्या दाखवू नका. एका वेळी एकच प्रकार घ्या. आणि लाल पेन कृपा करून बाजूला ठेवा.