महाराज बाडा पडद्यावर : चित्रांच्या मापांविषयी थोडेसे



सहलीहून परतल्यावर आमच्या नववीच्या वर्गाने 'ग्वाल्हेरचा महाराज बाडा' या विषयावर स्लाइडांच्या साहाय्याने व्याख्यान सादर केले. माहिती चोख होती, भाषाही नेटकी होती. परंतु पडद्यावर उमटलेल्या इमारती ज्यांनी त्या प्रत्यक्ष पाहिल्या होत्या त्यांनाही अनोळखी वाटल्या. एक बसकी, दुसरी धूसर, तिसरीचा माथाच छाटलेला! हे दोष छायाचित्रकाराचे नव्हते. ते चित्र स्लाइडवर बसविताना शिरले होते. म्हणून हा लेख.

बाडा म्हणजे आपला वाडाच. दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास येथे सैन्याचा तळ दिला आणि त्या तळाचेच पुढे 'लष्कर' नावाचे शहर झाले. त्या लष्कराचा हा मुख्य चौक. मध्यभागी शिंदे घराण्यातील महाराजांचा पुतळा आणि सभोवार डाकघर, टाऊन हॉल, स्टेट बँक, शासकीय मुद्रणालय, व्हिक्टोरिया मार्केट अशा इमारती उभ्या आहेत. व्हिक्टोरिया मार्केट 2010 साली आगीत होरपळले. पुढे त्याची डागडुजी होऊन तेथे भूविज्ञानाचे संग्रहालय झाले. या चौकाचे वैशिष्ट्य असे की, एकाच जागी उभे राहून, मान वळवावी तसतशी बांधणीची निरनिराळी शैली दिसते. कोठे युरोपीय धाटणीचे उंच खांब, तर कोठे आपल्याकडील कमानी आणि सज्जे. अर्थात येथे पाहावयाचे आहे ते प्रमाण. तेच बिघडले, तर व्याख्यानाचा विषयच हरवला.

याचे एक उदाहरण देतो. व्हिट्रुव्हियस या प्राचीन रोमन वास्तुकाराने खांबांची मापे सांगून ठेवली आहेत. डोरिक खांबाची उंची त्याच्या जाडीच्या सातपट आणि आयोनिक खांबाची नऊपट असावी, असे तो म्हणतो. (आमच्या गोव्याकडील मुलांनी हे प्रकार जुन्या गोव्यास बाँ जेझूच्या दर्शनी भिंतीवर पाहिलेले असतात, नावे मात्र सहसा कोणी सांगत नाही.) आता मोबाइलवरील छायाचित्राची रुंदी व उंची बहुधा 4 : 3 या प्रमाणात असते आणि आजची स्लाइड 16 : 9 या प्रमाणात. ते छायाचित्र ओढूनताणून स्लाइडभर पसरले की उंची तेवढीच राहून रुंदी एक तृतीयांशाने वाढते. नऊपट उंचीचा सडपातळ आयोनिक खांब मग जाडीच्या केवळ पावणेसातपट उरतो, म्हणजे डोरिकपेक्षाही स्थूल! वक्ता मुखाने आयोनिक म्हणतो आणि पडदा त्याला खोटे पाडतो.

पूर्वी या चुकीस वावच नव्हता. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1892 पासून 'शांबरिक खरोलिका' या नावाने दिव्याच्या उजेडात काचचित्रांचे खेळ करून दाखविले. ती चित्रे काचेवर हाताने रंगविलेली असत. काच ताणता येत नाही. तिच्या मापातच चित्र बसवावे लागे. संगणकाने हे बंधन काढून टाकले आणि मापाचा विचार आपल्यावर सोपविला.

तेव्हा करावे काय? चित्रावर टिचकी दिली की त्याच्या कडांवर आठ खुणा उमटतात. त्यांपैकी केवळ चार कोपऱ्यांच्या खुणा धराव्यात. त्यांनी रुंदी व उंची एकाच प्रमाणात बदलते. बाजूंच्या मधल्या खुणांना हात लावू नये. एवढ्याने स्लाइड भरत नसेल तर चित्र ताणू नये, कापावे. 4000 रुंद व 3000 उंच ठिपक्यांचे छायाचित्र 16 : 9 मध्ये आणावयाचे तर उंची 2250 उरते, 750 ओळी जातात. त्या कोठल्या द्यावयाच्या हे यंत्र ठरवीत नाही, आणि ठरवू देऊही नये. बाड्यावर खाली ठेले, रिक्षा आणि गर्दी असते; शिखर राखून रस्ता कापलेला बरा. पण विषय तेथील बाजाराचा असेल, तर आकाश जावे.

ठिपके म्हटले ते पिक्सेल. नेहमीच्या मोठ्या पडद्यावर आडवे 1920 व उभे 1080 ठिपके असतात. स्लाइडभर चित्रास तेवढे पुरेत. अर्ध्या स्लाइडचे चित्र असेल तर रुंदीस 960. महाजालावरून उतरविलेले 640 ठिपक्यांचे चित्र 1920 वर पसरले, तर एकेका ठिपक्यास आडव्या तिघांची जागा भरावी लागते आणि दरवाजावरील अक्षरे पुसट होतात. एकदा गेलेला तपशील मोठे करून परत येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले छायाचित्र असेच बहुधा आकसलेले असते. मित्राकडून ते 'डॉक्युमेंट' म्हणून मागवावे. उलट, 4000 ठिपक्यांची वीस मूळ चित्रे तशीच कोंबली तर फाइल जड होऊन शाळेचा जुना संगणक मध्येच अडखळतो. 'डीपीआय' या आकड्याची मुले फार धास्ती घेतात. तो छपाईच्या कामाचा. पडद्यासाठी ठिपके मोजावेत.

उभे छायाचित्र उभेच ठेवावे. 1080 उंचीस त्याची रुंदी 810 होते आणि शेजारी मजकुरासाठी 1110 ठिपक्यांची ऐसपैस जागा मिळते. डाकघराच्या उंच खांबांसाठी याहून चांगली मांडणी नाही. चौकाचे सलग विस्तृत चित्र घेण्याचा मोह साऱ्यांनाच होतो. ते 4 : 1 प्रमाणाचे असेल तर स्लाइडच्या पूर्ण रुंदीस त्याची उंची अवघी 480 भरते, मागच्या बाकावरच्यास एक पट्टा तेवढा दिसतो. असे चित्र एकदा चौकाची ओळख म्हणून दाखवावे, आणि मग त्याचेच तुकडे करून एकेका स्लाइडवर एकेक इमारत आणावी.

शेवटी, प्रक्षेपक कोणता आहे ते आदल्या दिवशी पाहून ठेवावे. काही शाळांत अद्याप 1024 × 768 ठिपक्यांचा जुना प्रक्षेपक असतो. त्यावर 16 : 9 स्लाइडची उंची 576 होते, वर व खाली 96-96 ठिपक्यांच्या काळ्या पट्ट्या राहतात. त्या तशाच राहू द्याव्यात.