वादळाची वाट

मुलांनो, 'तुफान' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. मराठीतही तो वापरतात. समुद्रावरून गरगर फिरत येणाऱ्या तुफानाला मराठीत 'चक्रीवादळ' म्हणतात. अटलांटिक महासागरात अशा वादळाच्या वाऱ्याचा वेग ताशी ११९ किलोमीटर झाला, की त्याला 'हरिकेन' हे नाव मिळते.

ही वादळे मुख्यतः जून ते नोव्हेंबर या काळात येतात. समुद्राचे पाणी तापते. त्याची वाफ वर जाऊन ढग बनतात. त्या वेळी उष्णता बाहेर पडते. हवा आणखी वर चढते आणि भोवतालची हवा आत धाव घेते. हेच वादळाचे बळ होय.

वादळ कोठे जाते? पूर्वेकडून वाहणारे वारे त्याला पश्चिमेकडे ढकलतात. पुढे पुष्कळ वादळे उत्तरेकडे व मग ईशान्येकडे वळतात. पण सगळीच वळत नाहीत.

सन १९०० ची गोष्ट ऐका. सप्टेंबरच्या आरंभी एक वादळ क्यूबा बेटावरून गेले. ते आता उत्तरेकडे वळेल, असे अमेरिकेच्या हवामान खात्याला वाटले. क्यूबातील जाणकारांना मात्र ते पश्चिमेकडेच जाईल असे वाटत होते. त्यांचे कोणी ऐकले नाही.

टेक्सस राज्यात गॅल्व्हस्टन हे शहर एका सखल बेटावर आहे. तेथील हवामान अधिकारी आयझॅक क्लाइन यांनी १८९१ साली एका वर्तमानपत्रात लिहिले होते, की या शहराला वादळाची भीती वाटणे हा भ्रम आहे. लोक निश्चिंत राहिले. ८ सप्टेंबरला वादळ तेथेच येऊन धडकले. शहरातील सर्वांत उंच जागा तीन मीटरही नव्हती आणि समुद्र साडेचार मीटरांहून अधिक चढला! वाऱ्यापेक्षा पाण्यानेच अधिक घात केला. सुमारे आठ हजार माणसे मरण पावली. क्लाइन यांची पत्नीही त्यांत होती.

वाचलेल्या लोकांनी हिंमत सोडली नाही. १९०२ ते १९०४ या काळात त्यांनी समुद्रकाठी पाच मीटर उंच भिंत बांधली. भर घालून शहराची जमीनही उंच केली. १९१५ मध्ये पुन्हा मोठे वादळ आले. पण या वेळी शहरात फार थोडी माणसे दगावली.

आज उपग्रह व विमाने यांच्या मदतीने वादळाची वाट काही दिवस आधी सांगता येते. परंतु इशारा ऐकणारे कान हवेत. 'आमच्या गावाला काही होत नाही', असे कधी म्हणू नका. वादळाची वाट आपण बदलू शकत नाही. त्याच्या वाटेतून वेळेवर बाजूला मात्र होऊ शकतो.

शब्दार्थ : सखल – कमी उंचीचा, भ्रम – चुकीची समजूत, दगावणे – मरण पावणे.

स्वाध्याय
१. हरिकेन कशाला म्हणतात?
२. गॅल्व्हस्टनचे लोक निश्चिंत का राहिले?
३. १९१५ मध्ये प्राणहानी कमी का झाली?