भुकेचे नियमन आणि मुलांचा लठ्ठपणा

लठ्ठ मूल म्हणजे खादाड मूल, आणि खादाड मूल म्हणजे वळण न लागलेले मूल, अशी समजूत आपल्याकडे घरांत आणि शाळांतही रूढ आहे. अशा मुलाला वर्गात चिडविले जाते, घरी त्याच्या ताटाकडे डोळे वटारले जातात आणि सरतेशेवटी सारा दोष आईच्या पदरी पडतो. गेल्या काही दशकांतील संशोधन मात्र वेगळेच सांगते. भूक ही केवळ इच्छाशक्तीची बाब नव्हे. मेंदूचा एक लहानसा भाग आणि रक्तावाटे त्याच्याकडे येणारी संप्रेरके मिळून ती बव्हंशी ठरवीत असतात.

मेंदूच्या तळाशी असलेला हा भाग म्हणजे हायपोथॅलॅमस. तहान, झोप, शरीराचे तापमान यांचे नियमन त्याच्याकडेच असते. त्याच्या ठरावीक भागाला इजा केल्यास उंदीर बेसुमार लठ्ठ होतात, हे १९४० सालीच सिद्ध झाले होते. पण शरीरात चरबीचा साठा किती आहे, हे मेंदूला कळते कसे?

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील मेन राज्यातील जॅक्सन प्रयोगशाळेच्या उंदरांनी दिले. तेथे जन्मतःच अतिलठ्ठ होणाऱ्या उंदरांचे दोन वंश आढळले होते. डग्लस कोलमन या शास्त्रज्ञाने एक लठ्ठ व एक सामान्य उंदीर यांचे रक्ताभिसरण शस्त्रक्रियेने एकमेकांस जोडले. पहिल्या वंशातील लठ्ठ उंदराचे खाणे या जोडणीनंतर कमी झाले. दुसऱ्या वंशाच्या बाबतीत उलट घडले : लठ्ठ उंदीर लठ्ठच राहिला आणि त्याला जोडलेल्या सामान्य उंदराने अन्न सोडून प्राण सोडला. कोलमनने अनुमान काढले, की ‘आता पुरे’ असे सांगणारा एक पदार्थ रक्तातून फिरत असला पाहिजे. पहिल्या वंशात तो तयारच होत नाही. दुसऱ्यात तो विपुल असतो, परंतु मेंदूला त्याचा संदेश ऐकू येत नाही. या पदार्थाचे जनुक न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने १९९४ साली शोधून काढले. हे संप्रेरक मेदपेशींतून स्रवते आणि त्याला ‘लेप्टिन’ असे नाव मिळाले.

माणसाच्या बाबतीतही हेच खरे आहे, याचा पुरावा इंग्लंडमधील केंब्रिजच्या संशोधकांनी १९९७ साली दिला. एकाच कुटुंबातील दोन चुलत भावंडांचे त्यांनी वर्णन केले. मुलगी आठ वर्षांची व ८६ किलो वजनाची, मुलगा दोन वर्षांचा व २९ किलोंचा. दोघांच्याही शरीरात जनुकीय दोषामुळे उपयोगी लेप्टिन नव्हते. पुढे मुलीला रोज लेप्टिनचे इंजेक्शन देण्यास सुरुवात झाली, तेव्हा तिचे खाणे लवकरच घटले आणि वर्षभरात तिचे वजन १६ किलोंहून अधिक उतरले. तोवर अनावर वाटणारी तिची भूक कोणत्याही उपदेशाविना शमली.

असा दोष अतिशय विरळा आहे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. बहुसंख्य लठ्ठ मुलांच्या रक्तात लेप्टिन कमी नसते, उलट जास्तच असते. मेंदू त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही. शिवाय चरबी घटू लागली, की लेप्टिनही घटते. मेंदू त्याला उपासमारीची सूचना मानतो, भूक वाढवितो आणि शरीराचा ऊर्जाखर्च आखडता घेतो. उपाशी ठेवून उतरविलेले वजन पुन्हा का चढते, ते यावरून समजते. यास्तव बहुतेक वाढत्या मुलांच्या बाबतीत वजन झपाट्याने उतरविण्यापेक्षा ते स्थिर ठेवावे आणि उंची वाढू द्यावी, असा सल्ला दिला जातो.

लेप्टिन दीर्घ पल्ल्याचा हिशेब ठेवते. रोजच्या जेवणाचा हिशेब इतर संप्रेरके पाहतात. १९९९ साली जपानमध्ये शोध लागलेले घ्रेलिन हे जठरातून स्रवते. जेवणापूर्वी त्याचे प्रमाण वाढते व जेवल्यावर उतरते. अन्न आतड्यात पोचले, की तृप्तीचे संदेश देणारी संप्रेरके निघतात, परंतु त्यांना काही मिनिटांचा अवधी लागतो. भाकरी चावून खाताना हा अवधी सहज मिळतो. मऊ, गोड, तळलेल्या पाकीटबंद पदार्थांत मिळत नाही. २०१९ साली अमेरिकेत २० प्रौढांवर झालेल्या प्रयोगात कारखानी प्रक्रियेचे अन्न मिळाले असता तीच माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात असल्याचे आढळले. दोन्ही प्रकारच्या आहारांत साखर, मेद व तंतू सारख्याच प्रमाणात उपलब्ध होते. त्यातही मुलांचा मेंदू अधिक अडचणीत असतो. गोडाची ओढ लावणारी केंद्रे बालपणीच तल्लख असतात, तर मोहाला आवर घालणारा कपाळामागील भाग विशीनंतरही परिपक्व होत राहतो. दुकानातील पाकीट समोर ठेवून संयमाची अपेक्षा सात वर्षांच्या मुलाकडून करणे, हा मोठ्यांचाच अविचार म्हणावा लागेल.

झोपेचाही येथे संबंध आहे. शिकागो विद्यापीठाच्या २००४ सालच्या अभ्यासात तरुणांना दोन रात्री केवळ चार तास झोपू दिले असता लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले व घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले.

महाराष्ट्रात कुपोषणाशी झुंज चालू असताना लठ्ठपणाची चर्चा कशाला, अशी शंका काहींना येईल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९–२१ मध्ये राज्यातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके खुरटलेली होती. त्याच वेळी जादा वजनाच्या बालकांचे प्रमाण मागील सर्वेक्षणातील १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेले. हे दोन प्रश्न परस्परांपासून दूर नाहीत. पुण्याजवळील सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून केलेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे ते ३.५ किलो होते. आपली बाळे हडकुळी, स्नायूंनी उणी, परंतु त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने राखून असलेली आढळली. अशा बाळाला केवळ गुटगुटीत दिसावे म्हणून साखर-तुपाने भरविले, तर वजन वाढते, स्नायू वाढतीलच असे नाही, आणि पुढे मधुमेहाचा धोका वाढतो. गर्भवतीचा सकस आहार हा या दृष्टीने लठ्ठपणाच्या प्रतिबंधाचाही भाग ठरतो.

पंचायत व शाळा यांच्या हाती काही निश्चित साधने आहेत. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० सालच्या विनियमांनुसार मेद, मीठ व साखर जास्त असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरांच्या आत विकण्यास मनाई आहे. हे अंतर प्रत्यक्ष मोजून पाहणे कोणत्याही शालेय समितीला अवघड नाही. शाळेतील वजनमापाचे आकडे वर्गात मोठ्याने वाचू नयेत. ते पालकांना स्वतंत्रपणे कळवावेत. वजनाबरोबर उंचीची नोंद अवश्य असावी, कारण उंचीविना नुसत्या वजनावरून मूल लठ्ठ की केवळ थोराड, याचा उलगडा होत नाही. कमी वयात अतिवेगाने वजन वाढणारे, सतत अन्न मागणारे अथवा उंचीची वाढ थांबलेले मूल आढळल्यास त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे.