दिवसभराची जीप सफारी

प्रश्न : आम्ही भोरला राहतो. मुलांना दिवसभराच्या जीप सफारीत प्राणी दाखवायचे आहेत. वेल्ह्याकडे सोय आहे का?

उत्तर : ताडोबासारखी सफारी भोर-वेल्ह्यात नाही. घाटातल्या दाट झाडीत भेकर, बिबट्या आहेत, पण गाडीतून दिसणं कठीण. त्यापेक्षा इंदापूर तालुक्यातली कडबनवाडी किंवा बारामतीतलं शिर्सुफळ गाठा. तिथे वन विभागाची गवताळ सफारी आहे. चिंकारा, लांडगा, खोकड दिसू शकतात. दिवसभराचा हट्ट मात्र सोडा. ऊन चढलं की प्राणी सावली धरतात, मुलंही कंटाळतात. सकाळचीच फेरी घ्या. चिंकाऱ्याचा रंग मातीत मिसळतो, त्याची सतत हलणारी काळी शेपटी शोधा. लांडगा दिसला तर गाडी मागे घालायला लावू नका. जवळपास पिल्लं असू शकतात.