सिकलसेल : दुखणे अंगावर काढू नका

गेल्या हिवाळ्यात एका रात्री तिशीचा एक तरुण माझ्याकडे आला. मूळचा गडचिरोलीकडचा, नोकरीनिमित्त अंबाजोगाईत राहणारा. कंबर व मांड्या तीन दिवसांपासून ठणकत होत्या. आता ताप होता, छातीत दुखत होते आणि धापही लागली होती. ‘‘इतके दिवस का थांबलात?’’ मी विचारले. तो म्हणाला, ‘‘डॉक्टरसाहेब, मागे एका दवाखान्यात गेलो तर ‘इंजेक्शनची सवय लागली आहे’ असे म्हणाले. पुन्हा जायची लाज वाटली.’’ त्याला तातडीने मोठ्या रुग्णालयात हलवावे लागले. प्राणवायू, रक्त आणि औषधे देऊन तो वाचला.

वाचकहो, सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार आहे. महाराष्ट्रात तो विदर्भात व नंदुरबारकडे जास्त आढळतो. निरोगी माणसाची तांबडी पेशी गोल असते व सुमारे १२० दिवस टिकते. या आजारात ती विळ्यासारखी वाकते आणि १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी होते, डोळे पिवळे दिसतात. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की पुढे रक्त पोचत नाही आणि भयंकर वेदना होतात. बाहेरून बहुधा काहीच दिसत नाही, पण वेदना खरी असते. मोठ्या वयाचे रुग्ण दवाखान्यात येतात ते मुख्यतः या वेदनेमुळेच. त्यांना खोटे ठरवू नका.

थंडी, अतिश्रम, ताप आणि पाणी कमी पिणे यांमुळे दुखणे उसळते. दुखणे नेहमीचे व सौम्य असेल तर भरपूर पाणी, ऊब, विश्रांती व डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घ्यावी. पण पुढीलपैकी काहीही झाल्यास घरी थांबू नये :

१) ताप किंवा थंडी वाजणे
२) छातीत दुखणे, धाप लागणे
३) एका बाजूची शक्ती जाणे, बोबडी वळणे, अचानक कमी दिसणे
४) एकाएकी पांढरेफटक पडणे
५) पुरुषांत लिंगाचा दुखरा ताठरपणा न उतरणे
६) गोळीने न थांबणारे दुखणे

दुखत नसतानाही नियमित तपासणी हवी. वय वाढेल तसे खुब्याचे हाड, मूत्रपिंड, डोळे यांना इजा होऊ शकते, पायाला जखमा होतात. गरोदरपणात तर विशेष देखरेख लागते. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनेचे झटके कमी होतात, मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे.

आपल्या गावात स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. रुग्णाने तपासणीचा कागद सतत खिशात ठेवावा. रात्री-अपरात्री नव्या डॉक्टरांपुढे तोच कागद तुमच्या वतीने बोलेल.